शेतीची अवजारे आणि रणांगण : एक आढावा

शेतीची अवजारे शस्त्र म्हणून कशी वापरली गेली, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. कारण विळा, कोयता, कुऱ्हाड, कुदळ यांपैकी काहीही रागाच्या भरात माणसावर उगारता येते आणि बांधावरच्या भांडणांत ते असंख्य वेळा उगारले गेले आहे. असे प्रासंगिक वापर बाजूला ठेवून, जेव्हा ही साधने ठरवून, मोठ्या संख्येने आणि काही एका रचनेत युद्धात उतरवली गेली तेवढ्याच प्रसंगांकडे पाहिले, तर मात्र निराळे चित्र दिसू लागते. गवताचे देठ कापणाऱ्या पात्याच्या गरजा वेगळ्या आणि अंगावर येणाऱ्या चिलखती घोडेस्वारासमोर टिकणाऱ्या पात्याच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे, शेतातून उचललेले अवजार जसेच्या तसे लढाईत कामी आल्याची उदाहरणे लोकसमजुतीत आहेत त्यापेक्षा बरीच कमी आहेत. जेथे ती कामी आली तेथे बहुधा मध्ये गावचा लोहार होता, वापरणाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षांच्या कामाचे वळण होते आणि या दोहोंहून महत्त्वाचे म्हणजे त्या माणसांना कोठे, कोणाच्या शेजारी आणि किती अंतरावर उभे करायचे हे जाणणारा सेनानी होता. हा शेवटचा घटक नसला, तर पहिले दोन असूनही शेतकऱ्यांची कत्तलच झाली, असे बहुतेक उठावांचा इतिहास सांगतो. विळा उचलताच सत्ता उलथल्याचे चित्र भित्तिपत्रकांना शोभते; या आढाव्याचा रोख त्या चित्रामागच्या कारागिरीकडे आणि संघटनेकडे आहे.

अवजाराचे शस्त्र होण्याचे प्रकार सारखे नसतात. काही साधने काहीही बदल न करता दोन्हीकडे चालतात. गोफण हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय. काहींना लोहाराकडे नेऊन पाते फिरवावे लागते किंवा लोखंडी पट्ट्या ठोकाव्या लागतात. आणखी काहींची वंशावळ शेतातून सुरू होत असली, तरी दोन-तीन शतकांत त्यांच्यापासून पूर्णपणे वेगळे लष्करी शस्त्र घडते व ते पुन्हा शेतात परतत नाही. इंग्लंडमधील 'बिल' हे या शेवटच्या प्रकारात मोडते. कुंपणाच्या फांद्या छाटण्यासाठी तेथील शेतकरी 'बिलहुक' नावाचा, टोकाला आत वळलेला आखूड कोयता वापरत; त्यालाच माणसाहून उंच दांडा लावून, पुढे भाल्यासारखे टोक आणि मागे काटा काढून इंग्रज पायदळाचे नेहमीचे शस्त्र तयार झाले. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडन येथे स्कॉटिश सैन्याचे लांबलचक भाले उताराच्या ओल्या, खाचखळग्यांच्या जमिनीवर विस्कळीत झाले, तेव्हा जवळच्या झटापटीत याच बिलांनी भाल्यांचे दांडे तोडले आणि राजा चौथा जेम्स याच्यासह स्कॉटलंडचे कितीतरी सरदार मारले गेले. त्या दिवशी वापरले गेलेले शस्त्र मात्र कोणाच्याही कुंपणावरून आलेले नव्हते; ते शस्त्र म्हणूनच घडवलेले होते आणि त्याच्या आकारात कोयत्याची फक्त आठवण उरली होती.

गोफणीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ज्वारी हुरड्यावर येण्याच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर उभे राहून पाखरे हाकण्यासाठी महाराष्ट्रात जी गोफण वापरली जाते, ती आणि इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये यहुद्यांच्या लाखीश नगराला वेढा घालणाऱ्या असिरियन सैनिकांच्या हाती निनवे येथील शिल्पपटांत दिसते ती, यांच्या रचनेत सांगण्याजोगा फरक नाही. दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवण्यापुरती विणलेली किंवा चामड्याची झोळी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फास आणि दुसरे टोक चिमटीत धरून योग्य क्षणी सोडायचे, एवढाच तिचा पसारा आहे. हाताची लांबी कृत्रिमरीत्या वाढवून गोफणगुंड्याला वेग देणारे हे साधन गुराखी आणि राखणदार यांच्या हाती मुळातच असल्याने, त्यांना सैन्यात घेताना शस्त्राचा खर्च जवळजवळ शून्य असे. खर्च असे तो नेम बसण्यासाठी लागणाऱ्या बालपणाचा. भूमध्य समुद्रातील बॅलेआरिक बेटांवरचे गोफणकरी कार्थेजच्या आणि नंतर रोमच्या सैन्यात पगारी म्हणून लढत. त्यांच्या आया मुलांनी गोफणीने नेम साधल्याखेरीज त्यांना भाकरी देत नसत, असे प्राचीन लेखक सांगतात. कथेचा तपशील रंगवलेला असू शकेल, परंतु हे कौशल्य भरतीनंतरच्या कवायतीतून येत नाही, घरातूनच यावे लागते, हे त्यातले सत्य मान्य करण्याजोगे आहे.

गोफणीत बदल झाला तो दोरीत नव्हे, गुंड्यात. ग्रीक सेनानी झेनोफोन याने पर्शियातून माघार घेताना आपल्या सैन्यातील ऱ्होड्स बेटाचे लोक निवडून त्यांची गोफणकऱ्यांची तुकडी उभी केली, कारण ते शिशाचे छोटे गोळे वापरत आणि मूठभर आकाराचे दगड फेकणाऱ्या पर्शियन गोफणकऱ्यांच्या दुप्पट पल्ला गाठत. पुढे रोमन काळात असे शिशाचे गोळे साच्यात ओतले जाऊ लागले. आपल्याकडे भिल्लांच्या हत्यारांच्या वर्णनांत तीरकामठ्याच्या जोडीने गोफण येते. डोंगराळ मुलखात उंचावरून खाली मारा करणाऱ्याला दगडांचा तुटवडा कधीच पडत नाही, ही साधी सोय त्यामागे असावी.

धान्याची मळणी करण्याच्या साधनाचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात खळ्यावर बैलांची पात धरून मळणी करण्याची किंवा भाताच्या पेंढ्या झोडपण्याची रीत असल्याने, युरोपात आणि पूर्व आशियात सर्वत्र आढळणारा जोडदांडा येथे फारसा परिचयाचा नाही. हा जोडदांडा, म्हणजे ज्याला इंग्रजीत 'फ्लेल' म्हणतात तो, साधारण पुरुषभर उंचीचा एक दांडा आणि त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने सैल बांधलेला दुसरा आखूड, जड दांडका असा असतो. उभ्याने दांडा फिरवून खाली आणला की आखूड दांडका मोठ्या वेगाने जमिनीवर आडवा पडतो आणि कणसातले दाणे सुटतात. मारण्याच्या दृष्टीने या रचनेत दोन गुण आहेत. सांध्यामुळे टोकाचा वेग वाढतोच, शिवाय आघाताचा हिसका हातापर्यंत पोहोचत नाही. आणि ढालीच्या कडेवर दांडा अडला तरी पुढचा तुकडा वळसा घेऊन ढालीमागच्या माणसावर आदळतो. दोषही तितकेच ठळक आहेत : त्याने भोसकता येत नाही, वार अडवता येत नाही, एकदा चुकलेला फटका पुन्हा सावरायला वेळ लागतो आणि शेजारी उभा असलेला आपलाच माणूस जखमी होण्याची भीती असते. खळ्यावर जोडदांडेवाले एका लयीत, परस्परांत नेमके अंतर राखून मळणी करत, ते याच कारणाने.

या दोषांवर उत्तर शोधणारा सेनानी म्हणजे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातील, यान झिझ्का. धर्मसुधारक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळल्यानंतर त्याच्या अनुयायांनी केलेल्या बंडातून १४१९ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा झिझ्काच्या हाताशी आलेली माणसे बरीचशी शेतकरी आणि गावकरी होती, तर समोर युरोपातील उत्तमोत्तम चिलखती घोडदळ होते. त्याने शेतमालाच्या गाड्यांनाच तटबंदीचे रूप दिले. जाड फळ्या ठोकलेल्या गाड्या चाकाला चाक लावून साखळीने जखडायच्या, खालची फट फळीने बंद करायची आणि एकेका गाडीवर पंधरा-वीस जणांची टोळी नेमायची, अशी ती व्यवस्था होती. टोळीत आडधनुष्यवाले, हातबंदूकवाले, लांब भालेवाले आणि लोखंडी पट्ट्या व खिळे ठोकलेले जोडदांडे घेतलेले लोक असत. उंच गाडीवर उभ्या असलेल्या जोडदांडेवाल्याला वार अडवण्याची गरज नव्हती, कारण पुढे फळी होती. भोसकण्याची गरज नव्हती, कारण ते काम शेजारचा भालेवाला करी. आणि खाली वाकून गाडीची साखळी तोडू पाहणाऱ्या किंवा घोडा थेट फळीला भिडवणाऱ्या स्वाराच्या शिरस्त्राणावर वरून खाली फटका मारणे, हीच तर खळ्यावरची त्याची रोजची क्रिया होती. जोडदांड्याचे सारे दोष झाकले जातील आणि गुण तेवढे उरतील अशी जागा झिझ्काने त्याला दिली, यात त्याची प्रतिभा दिसते. मार्च १४२० मधील सुदोमेर्झ आणि त्याच वर्षी जुलैत प्रागजवळील वित्कोव्ह टेकडीवरील लढाईपासून पुढे बरीच वर्षे या सैन्याचा दबदबा टिकला; दोन्ही डोळे गेल्यावरही झिझ्काने १४२४ मध्ये मरेपर्यंत नेतृत्व सोडले नाही.

या व्यवस्थेचा शेवटही तितकाच बोलका आहे. ३० मे १४३४ रोजी लिपानी येथे मवाळ हुसपंथी आणि कॅथलिक यांच्या संयुक्त सैन्याने खोटी माघार घेतली. विजय झाल्याच्या समजुतीने, झिझ्काची परंपरा चालवणाऱ्या जहाल गटाचे लोक गाड्यांबाहेर पडून पाठलाग करू लागले आणि मोकळ्या माळावर दबा धरून बसलेल्या घोडदळाने त्यांना कापून काढले. माणसे तीच होती आणि जोडदांडेही तेच होते. फक्त गाडी नव्हती.

जोडदांड्याचे लष्करी रूप एकट्या युरोपाची मिरासदारी नव्हती. चीनमध्ये सोंग राजवटीत १०४४ मध्ये सिद्ध झालेल्या 'वूजिंग झोंग्याओ' या युद्धशास्त्राच्या ग्रंथात लोखंडी कड्यांनी जोडलेल्या दांड्याचे वर्णन आहे आणि त्याचा आकार शेतकऱ्यांच्या गहू झोडण्याच्या साधनासारखा असल्याचे तेथे सांगितले आहे. कोरियात १७९० मध्ये तयार झालेल्या 'मूयेदोबोतोंगजी' या सचित्र कवायत-ग्रंथात तो पायदळ आणि घोडदळ या दोहोंसाठी शिकवलेला दिसतो. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावरील जपानी आणि इतर चाच्यांशी लढताना सेनापती छी जिग्वांग याने यिवू भागातील शेतकरी आणि खाणकामगार भरती करून सुमारे बारा जणांची एक छोटी रचना बसवली. तिच्यात फांद्या तशाच ठेवलेला लांब बांबू शत्रूच्या तलवारीला अडवण्यासाठी आणि गवताच्या काट्यासारखे दिसणारे तीन दातांचे शस्त्र मागून रक्षणासाठी असे. हिरव्या बांबूसारखी ओबडधोबड वस्तूही प्रशिक्षित जपानी तलवारबाजाला रोखू शकते, मात्र तिच्या मागे ढालवाला आणि भालेवाला ठरल्या जागी हवा, हा झिझ्काचाच धडा येथे स्वतंत्रपणे गिरवलेला दिसतो.

शेतकरी-शस्त्रांच्या इतिहासात ज्याला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते ते साधन म्हणजे 'सायथ', अर्थात उभ्याने गवत आणि धान्य कापण्याचा युरोपीय लांब दांड्याचा विळा. आपला विळा मुठीत देठ धरून अंगाकडे ओढला जातो. सायथचे हातभर लांब, किंचित वाकडे पाते मात्र दांड्याला जवळजवळ काटकोनात बसवलेले असते आणि कापणारा कमरेतून वळत ते जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवतो. पाते अतिशय पातळ असते, त्याची धार छोट्या ऐरणीवर ठोकून आणखी पातळ केली जाते आणि पाठीला असलेल्या उंचवट्यामुळेच ते वाकत नाही. अशा अवस्थेत त्याने लढणे जवळपास अशक्य आहे, कारण पात्याची धार वापरणाऱ्याच्या दिशेने असते आणि टोक बाजूला पाहते. म्हणून लढाईसाठी पाते काढून, दांड्यात बसणारे त्याचे टोक भट्टीत तापवून सरळ केले जाई, नव्या सरळ आणि अधिक मजबूत दांड्याच्या रेषेत ते बसवून वर लोखंडी कडी व खिळे ठोकले जात. गावच्या लोहाराला थोड्या वेळात जमणारे हे काम होते आणि त्यातून निघणारे शस्त्र भाल्याची लांबी व तलवारीची धार एकत्र आणणारे होते.

४ एप्रिल १७९४ रोजी पोलंडमधील रात्सवावित्से गावाजवळ या शस्त्राने आपला सर्वांत गाजलेला दिवस पाहिला. शेजारच्या सत्तांनी पोलंडचे लचके तोडायला सुरुवात केल्यावर, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात नाव कमावलेल्या तादेउश कोश्चुश्को या अभियंता-सेनानीने क्राकूव येथे उठावाची घोषणा केली आणि आजूबाजूच्या गावांतून शेतकऱ्यांची भरती केली. त्यांतले सुमारे दोन हजार लोक रशियन फौजेसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या हाती सरळ केलेले सायथ आणि भाले होते. कोश्चुश्कोने त्यांना लांब पल्ल्याच्या गोळीबारात उभे करून वाया घालवले नाही. नियमित पायदळाच्या साथीने त्यांना थेट रशियन तोफांवर धावून जाण्याचा हुकूम दिला. पुढची फैर भरण्याआधी तोफांपर्यंतचे अंतर तोडणे, हा या चढाईचा सारा हिशेब होता. वोइचेख बार्तोश या कुळाने पेटत्या बत्तीवर आपली टोपी दाबून तोफ विझवल्याची कथा पोलंडमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याला गुलामीतून मुक्त करून सैन्यात अधिकारपद व 'ग्वोवात्स्की' हे आडनाव मिळाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये श्चेकोचिनीच्या लढाईत झालेल्या जखमांनी तो मेला. तोफा हाती आल्या, लढाई जिंकली गेली आणि कोश्चुश्कोने शेतकऱ्यांचा पांढरा डगला अंगावर घालायला सुरुवात केली.

या विजयाकडे निव्वळ देशप्रेमाचा चमत्कार म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून दोन गोष्टी निसटतात. त्याच वर्षी ख्रिस्तियान प्योत्र आयग्नर या वास्तुविशारदाने सायथ आणि भाले यांच्या कवायतीवर एक छोटे पुस्तक वॉर्सात प्रसिद्ध केले. म्हणजे सायथवाल्यांना शिस्त लावल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही हे उठावाच्या धुरीणांना पुरते कळले होते. दुसरी गोष्ट राजकीय आहे. ७ मे १७९४ च्या पोवान्येत्सच्या जाहीरनाम्याने शेतकऱ्यांना व्यक्तिस्वातंत्र्य आणि वेठबिगारीत सूट देऊ केली, कारण जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या माणसाने त्याच जमीनदारांच्या राज्यासाठी अवजार का उचलावे, याचे उत्तर कोणीतरी देणे भाग होते. जमीनदारांनी ही आश्वासने फारशी पाळली नाहीत, ऑक्टोबरात मात्सेयोवित्सेला कोश्चुश्को जखमी होऊन कैद झाला आणि पुढच्या वर्षी पोलंड नकाशावरून पुसला गेला. सायथ मात्र राष्ट्रीय चिन्ह होऊन राहिला : रात्सवावित्सेच्या शताब्दीनिमित्त यान स्तिका आणि वोइचेख कोसाक यांच्या नेतृत्वाखाली रंगवले गेलेले, पंधरा मीटर उंच आणि शंभर मीटरांहून लांब वर्तुळाकार चित्र आज व्रोत्सवाफ येथे पाहायला मिळते. १८६३ च्या उठावातही सायथवाले पुन्हा दिसले, पण तोवर बंदुका इतक्या पुढे गेल्या होत्या की तोफेवर धावून जाण्याचा तो जुना हिशेब जमेना.

रात्सवावित्सेसारखे दिवस अपवादात्मक होते, हे अपयशांची यादी पाहिली की पटते. हंगेरीत १५१४ मध्ये तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी जमवलेले शेतकरी ग्योर्ग दोझा याच्या नेतृत्वाखाली सरदारांवरच उलटले. त्यांच्याकडेही सरळ केलेले सायथ होते, मात्र तिमिश्वाराजवळ त्यांचा पाडाव झाला आणि दोझाला तापवलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारण्यात आले. १५ मे १५२५ रोजी जर्मनीतील फ्रँकेनहाउझेनला थोमास म्युंट्सर या धर्मोपदेशकाच्या भोवती जमलेल्या शेतकऱ्यांनी झिझ्काप्रमाणे गाड्यांचा कोट रचला होता. परंतु त्यांच्यात झिझ्का नव्हता, त्यामुळे तोफांचा मारा सुरू होताच गाड्यांमागची माणसे पांगली आणि हजारोंनी मारली गेली. इंग्लंडमध्ये १६८५ मध्ये मन्मथचा ड्यूक सिंहासनावर हक्क सांगत लाइम रेजिस येथे उतरला तेव्हा त्याच्या सैन्यासाठी गावोगावचे सायथ गोळा केले गेले. ५ जुलैच्या रात्री सेजमूरच्या दलदलीत राजाच्या फौजेवर अचानक छापा घालण्याचा बेत वाटेतल्या चराने आणि अंधारातल्या एका गोळीने फसला, पहाटेपर्यंत बंड संपले आणि नंतरच्या खटल्यांत तीनशेच्या आसपास लोकांना फाशी झाली. या पराभवांत एकाही ठिकाणी धार कमी पडली असे दिसत नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतील आउग्सबुर्ग नगरातील पाउलुस हेक्टर माइर या अधिकाऱ्याने युद्धकलेवरचे भव्य सचित्र हस्तलिखित ग्रंथ तयार करून घेतले, आणि त्यांत तलवार व भाल्याच्या जोडीने विळा, सायथ आणि जोडदांडा यांचे डावपेचही काढून घेतले. फ्रँकेनहाउझेनला चिरडल्या गेलेल्या शेतकरी युद्धाला वीसेक वर्षेच उलटली असताना एका नागरी अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या साधनांना शास्त्राचा दर्जा द्यावा, याचे कुतूहल वाटते. या छंदापायी माइरने नगराच्या तिजोरीला हात घातला आणि १५७९ मध्ये त्याला फासावर जावे लागले.

जपान आणि ओकिनावा यांबाबतची रूढ समजूत अधिक काळजीपूर्वक तपासावी लागते. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सरदारांनी र्‍युक्यू राज्य, म्हणजे आजचे ओकिनावा, जिंकून तेथील लोकांची शस्त्रे काढून घेतली आणि मग गरीब शेतकऱ्यांनी मळणीचा दांडा, जात्याचा खुंटा व विळा यांपासून नुनचाकू, टोन्फा आणि कामा ही शस्त्रे शोधली, अशी कथा कराटेच्या वर्गांतून जगभर सांगितली जाते. १९७० च्या दशकात ब्रूस लीच्या चित्रपटांनी नुनचाकू घरोघर पोहोचवल्यावर ती भारतातही रुजली. तिच्यातला 'कामा', म्हणजे भातकापणीचा विळा, आणि 'एकू', म्हणजे होडीचे वल्हे, ही निःसंशय कामाची साधने आहेत. परंतु 'साई' हे दोन पाखे असलेले लोखंडी शस्त्र शेतात कोणत्या कामाचे होते हे कोणालाच सांगता येत नाही आणि ते राज्याचे शिपाई वापरत. ज्यांच्या नावांनी या कवायती परंपरेने ओळखल्या जातात, ते गुरू बहुतांशी 'पेचिन' या दरबारी-प्रशासकीय वर्गातले होते, हेही विसरता येत नाही. चीनशी शतकानुशतके चाललेल्या व्यापारातून आलेली युद्धकला आणि स्थानिक साधने यांच्या मिश्रणातून सुशिक्षित वर्गाने घडवलेली परंपरा, असेच तिचे वर्णन अधिक योग्य ठरेल.

खुद्द जपानी शेतकऱ्यांची वागणूक या कथेच्या बरोबर विरुद्ध जाते. जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने १५८८ मध्ये काढलेल्या 'तलवारशोध' फर्मानाने शेतकऱ्यांना तलवारी, धनुष्ये, भाले आणि बंदुका बाळगण्यास मनाई केली, गोळा झालेले लोखंड महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळ्यांना वापरले जाईल असे सांगितले आणि शेतकऱ्याने फक्त शेतीची अवजारे बाळगल्यास त्याच्या पुढच्या पिढ्यांचेही भले होईल असा दिलासा दिला. रानडुकरे हाकण्यासाठी त्यानंतरच्या एदो काळातील गावांत बंदुका पुष्कळ राहिल्या. तरीही पुढील अडीच शतकांतील शेतकरी आंदोलनांत त्या सहसा बाहेर काढल्या गेल्या नाहीत. जमाव येई तो विळे, कुऱ्हाडी आणि खोरी घेऊन, आणि सावकाराचे किंवा दारू गाळणाऱ्या व्यापाऱ्याचे घर मोडण्यासाठी त्यांचा वापर करी. अवजार हे येथे आपण शेतकरी आहोत, बंडखोर सैनिक नाही, याचे ओळखपत्र होते. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दख्खनच्या दंग्यांशी याचे साम्य लक्षणीय आहे : १२ मे रोजी सुपे येथून सुरू झालेल्या या उद्रेकात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता, अंगावर हात टाकण्याच्या घटना मोजक्याच घडल्या.

ऊसतोडीचे पाते मात्र सरळ युद्धात गेले, आणि फार परिणामकारक ठरले. क्युबामध्ये १० ऑक्टोबर १८६८ रोजी कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस या साखर कारखानदाराने आपल्या गुलामांना मुक्त करून स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा बंडखोरांकडे बंदुका थोड्या आणि काडतुसे त्याहून थोडी होती. मात्र ऊस तोडण्याचा लांब, रुंद कोयता, म्हणजे 'माचेते', प्रत्येकाच्या हाती होता. डोमिनिकन वंशाच्या माक्सिमो गोमेस या अनुभवी अधिकाऱ्याने स्पॅनिश पायदळाच्या रांगेवर झाडीतून अचानक धावून जाण्याची पद्धत बसवली, आणि रोज हजारो वेळा कमरेतून वळून ऊस तोडणाऱ्या हातांना ती शिकवावी लागली नाही. यात पाते बदलण्याचीही गरज पडली नाही, कारण जाड ऊस एका घावात तोडणारे पाते मुळातच पुरेसे जड असते. सायथच्या पातळ पात्याशी तुलना केली की हा फरक कळतो.

त्याच जातीच्या पात्याचा दुसरा वापर सांगितल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक ठरणार नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तपासलेल्या आयात परवान्यांनुसार जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात रवांडात ५ लाख ८१ हजार कोयते आयात झाले, आणि एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी लोकांची हत्या झाली. अवजार स्वस्त, परिचित आणि प्रत्येक घरात असणे ही जी गोष्ट उठावाच्या कथांत शेतकऱ्याची ताकद म्हणून येते, तीच येथे संहाराच्या आयोजकांची सोय झाली. रेडिओवरून दिलेले आदेश, रस्त्यांवरचे नाके आणि प्रशासनाने पुरवलेल्या याद्या यांविना ती सोय पुरेशी नव्हती. चर्च आणि मैदानांत जमलेल्या मोठ्या समूहांवर आधी बंदुका व हातबाँब चालवले गेले आणि कोयते नंतर आले.

भारतीय परंपरेत अवजार आणि शस्त्र यांच्यातली सीमा पुराणांनीच पुसट ठेवली आहे. बलरामाची आयुधे नांगर आणि मुसळ ही आहेत, आणि भागवतात तो नांगराने हस्तिनापूर गंगेकडे ओढू लागतो. शेतीच्या आणि स्वयंपाकघराच्या साधनांना देवाच्या हाती आयुध म्हणून इतके स्पष्ट स्थान अन्यत्र क्वचितच मिळाले असेल. ऐतिहासिक काळात कोडगूची 'ओडिकत्ती', म्हणजे पाठीमागे पितळी कडीत अडकवायची रुंद पात्याची कोयती, आणि नेपाळची खुकरी ही दोन्ही रान तोडण्याच्या साधनांतून आलेली आणि लष्करी प्रतिष्ठा मिळाल्यावरही घरकामात राहिलेली पाती आहेत. १८५५ च्या संथाळ उठावात धनुष्यबाणाबरोबर कुऱ्हाडी होत्या, आणि कंपनीच्या बंदुकांपुढे त्यांचा निभाव लागला नाही.

सीमा पुसट असली तरी राज्यकर्त्याला ती आखावीच लागते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राची व्याख्या करताना हल्ला किंवा बचाव यांसाठी घडवलेल्या वा त्याजोग्या बनवलेल्या सर्व वस्तू तिच्यात घेतल्या, आणि लाठी किंवा साधी हातकाठी यांसारख्या केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या. २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे एका वर्गात घालतानाही घरगुती, शेतकी, वैज्ञानिक आणि औद्योगिक साधनांचा अपवाद ठेवला आहे. या व्याख्येचा सारा भार वस्तू कशासाठी घडवली गेली यावर आहे. म्हणजे रात्सवावित्सेचा सरळ केलेला सायथ या कायद्याने शस्त्र ठरेल आणि क्युबाचा न बदललेला माचेते ठरणार नाही. ही फट दुसरे कायदे बुजवतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली निघणारे मनाई आदेश लाठ्या, सुऱ्यांबरोबरच इजा करण्यासाठी वापरता येईल अशा कोणत्याही वस्तूला लागू होतात, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ वस्तू कशासाठी बनली हे न विचारता ती कशी वापरली गेली एवढेच पाहते.

पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांचे प्रकार वाढल्यावर, २०२३ च्या सुमारास पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवण्यास सांगितले, तो या संदिग्धतेवरचा व्यवहारी तोडगा होता. ज्या राज्यात हा तोडगा निघाला त्याच राज्यात ऊसतोडीच्या करारात नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते, एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांत पोरेबाळे, भांडीकुंडी आणि शेळ्यांसोबत ही पातीही असतात; मनाई आदेशाचे शब्द जसेच्या तसे लावले, तर ती सगळी त्यात बसतात.